आतलं काही जाऊ देऊ नका

१

माणसाची खरी घाण दोघांनाच कळते, असं फुंक्या म्हणायचा. एक धोबी आणि दुसरा लॅपटॉप दुरुस्त करणारा. त्यातल्या धोब्याकडे निदान साबण असतो.

वरून बघावं तर माणूस कसा झकपक! इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट, बोलणं तर असं की आपणच उभं राहावं. आणि त्याचा लॅपटॉप उलटा करून टेबलावर आपटला की सगळं बिंग फुटतं. नखं पडतात, तीही कापलेली नव्हेत, दातांनी कुरतडलेली. बिस्किटाचा चुरा, पापण्यांचे केस, कोंडा, वाळलेला शेंबूड. एका प्राध्यापिकेच्या मशीनमधून झुरळांची अख्खी पिलावळ निघाली होती, तर बाई तोंड वर करून म्हणाल्या, "अय्या, ही तुमच्याच दुकानातली असतील!" फुंक्याने झुरळं झाडूने बाहेर लोटली. गिऱ्हाईक म्हणजे देव म्हणतात. देवाच्या डोक्यात एवढा कोंडा कशाला, हे मात्र त्याला कधी कळलं नाही.

फुंक्या हे नाव शेजारच्या झेरॉक्सवाल्याने ठेवलेलं. दुरुस्तीचं काम तो रेडिओवाल्या मामाच्या हाताखाली शिकला होता. मामा कुठलीही वस्तू उघडली की आधी तोंडाने फुंकर मारायचा आणि मग बघायचा. मामा गेला, रेडिओ गेले, फुंकर राहिली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हा तर न पोळताच जन्मभर फुंकत बसला. दुकानात चांगला विजेवरचा ब्लोअर होता, तरी मशीनचं झाकण निघालं की ह्याच्या ओठांचा चंबू आपोआप व्हायचाच.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये एक जाड पडदा. पडद्यापलीकडे त्याची बायको आणि त्याची लेक, चिमणी. चिमणी नुकतीच शाळेत जायला लागलेली, आणि तिला दमा. दम्याचं पोर घरात असलं की सगळं घरच श्वास मोजत जगतं. ओठ निळे पडायला लागले की बायको पंप घेऊन धावायची आणि फुंक्या दारात उभा राहून हातातला स्क्रूड्रायव्हर नुसता चोळत बसायचा. छातीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "धूळ म्हणजे हिच्यासाठी विष समजा." आणि बापाचा धंदा काय, तर लोकांची धूळ काढायचा!

म्हणून बायकोने कायदा केला होता. ब्लोअर चालवायचा तो बाहेर फुटपाथवर. तोंडाने फुंकायचं नाही. पडदा ओलांडण्याआधी शर्ट बदलायचा, हात धुवायचे, खळखळून चूळ भरायची. फुंक्या सगळं पाळायचा. म्हणजे, बहुतेक सगळं.

२

ती बाई दुपारी आली. चाळिशीची असावी. कपडे नीटनेटके, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. लॅपटॉप तिने लोकरीच्या शालीत गुंडाळून छातीशी धरला होता. टेबलावर ठेवतानाही तिने आधी टेबलाला हात लावून पाहिलं.

"गरम होतो ना?" फुंक्याने सवयीने विचारलं. येणारा प्रत्येक जण तेच रडगाणं गातो.

"नाही हो दादा," बाई म्हणाली. "गार पडायला लागलाय."

फुंक्याला हसू आलं. "ताई, लोक उलटी तक्रार घेऊन येतात. गार असलेला चांगलाच की."

"चांगला नाही." बाई एवढ्या पटकन म्हणाली की त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. "आधी कुशीत घेतला की कसा ऊबदार असायचा. आता दम लागल्यासारखा आवाज करतो आणि गार पडतो. तेवढं बघा. बाकी काय करायचं ते करा, पण आतलं काही जाऊ देऊ नका."

आता हे वाक्य फुंक्या उठल्यापासून झोपेपर्यंत ऐकायचा. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचा हिशेब, कुणाची कविता. त्याचं उत्तरही ठरलेलं होतं, चहा सांगावा तितक्या सहज तो ते द्यायचा. "आतल्याला धक्का लागणार नाही, ताई. माझी जबाबदारी."

"तुमची जबाबदारी," बाई हळू म्हणाली. मग तिने शालीची टोकं नीट आत खोचली. "गुंडाळूनच ठेवा. मी येईन चार दिवसांनी."

ती गेल्यावर टेबलाभोवती एक वास राहिला. न धुतलेल्या टाळूचा, दुधाच्या बाटलीच्या बुचाचा. फुंक्याने टेबल ओल्या फडक्याने पुसून काढलं.

३

शब्द दिला होता म्हणून त्याने पहिलं काम तेच केलं. आतलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायला बसला. तर आत काही नव्हतंच! ना फोटो, ना फाइल, ना एखादं गाणं. दुकानातून आणला तसा कोरा. आणि वरची अक्षरं मात्र बोटांनी झिजून पार पुसून गेलेली.

"जाऊ नये म्हणून एवढी कासावीस, आणि आहे काय तर शंख!" तो स्वतःशीच म्हणाला. लोक वेडे असतात हे त्याला नवीन नव्हतं. त्याने बॅटरी काढली, मशीन बाजूला ठेवलं, आत जाऊन जेवून आला आणि मग पाठचं झाकण उघडलं.

पंख्यात धूळ साचते. हवेबरोबर येते, पात्यांत अडकते, तिची राखाडी गादी होते, खिशात राहून धुतल्या गेलेल्या कागदासारखी. फुंक्याने अशा गाद्या हजारांनी काढल्या होत्या. पण इथे पंखा दिसतच नव्हता. पंख्याच्या जागी एक तपकिरी, ओलसर गादी होती. केसांची. आणि केस गुंतलेले नव्हते. एकाच बाजूला वळवून चापून बसवलेले होते. आई लेकराचे केस विंचरते ना, तसे.

फुंक्याने खुर्ची जरा मागे सरकवली. बरं का, हा माणूस एका हाताने मेलेलं झुरळ उचलून दुसऱ्या हाताने चहा पिणारा. पण इथे त्याला शिसारी आली. केसांच्या खाली पिवळट कातडीचे पापुद्रे होते, नखांच्या बारीक चकत्या होत्या, आणि त्याही जणू कुणी ओळीने लावलेल्या. त्याने ब्रशच्या दांडीने टोचून पाहिलं. गादी आत दबली आणि मग हळूहळू वर आली.

"चहा सांडला असेल," तो मोठ्याने म्हणाला. म्हणून ओली. ओली म्हणून फुगते. त्याने बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. ती कोमट होती. बॅटरी काढून किती वेळ झाला होता! मग टेबलावरच्या दिव्याने तापली असेल, असं त्याने ठरवलं. दिवा बंद होता, ही गोष्ट त्याने लक्षात घ्यायची नाही असंही ठरवलं.

चिमट्याने ओढली तर सुटेना. जखमेवरची खपली ओढावी तसं खालचं सगळं बरोबर वर यायला लागलं. ब्लोअर झेरॉक्सवाल्याने सकाळी मागून नेला होता आणि देवाशपथ आणून देतो म्हणाला होता, म्हणजे आता उद्याच. फुंक्याला त्या घाणीसमोर अजून बसवत नव्हतं. कधी एकदा हे निघतंय असं झालं होतं. आणि ओठांचा चंबू झालाच.

त्याने फुंकर मारली. गादी सुटली. पण सुटण्याआधी तिच्यातून उलटी फुंकर आली. कोमट, त्याच वासाची, थेट त्याच्या उघड्या तोंडात.

"थूः! थूः!" फुंक्या खुर्ची पाडून उठला. जिभेवर केस चिकटला होता. त्याने थुंकून पाहिलं, जीभ शर्टाच्या टोकाने खरवडली, बोट घशापर्यंत घालून उमासे काढले. केस काही हाताला लागला नाही. वळून पाहिलं तर टेबलावरची गादी राखाडी, कोरडी, हलकी झाली होती, चारचौघींसारखी. साप कात टाकून गेल्यावर मागे उरते तशी ती नुसतीच पडली होती. त्याने ती चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकली.

मग सगळं पुसलं, झाकण लावलं, बॅटरी बसवली, चालू केलं. पंखा सुरेख फिरायला लागला. मशीनवर तळहात ठेवला तर फरशीसारखं गार.

४

दुपारभर घशात केस वळवळत होता. फुंक्या खाकरत होता, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होता. पडद्याकडे मात्र फिरकला नाही, एवढं भान त्याने ठेवलं.

"फुंक्या, मांजर गिळलंस का रे?" झेरॉक्सवाल्याने भिंतीपलीकडून विचारलं.

"तू आधी माझा ब्लोअर आण, मेल्या!"

"आणतो रे. मशीनमध्ये कागदाचा भुगा झालाय नुसता."

तेवढ्यात बाहेर धप्प आवाज झाला आणि चिमणीचा भोंगा सुरू झाला. शाळेतून येताना पायरीवर पडली होती. पडद्याच्या बाजूने नाही, रस्त्याच्या बाजूने ती सरळ दुकानातच शिरली. कोपर सोललेलं, नाक वाहतंय, आणि रडता रडता छातीतून ती ओळखीची शिट्टी वाजायला लागलेली. शाळेतून उवा आणल्या म्हणून बायकोने तिचे केस पार मुळापर्यंत कापले होते. त्या बोडक्या डोक्याने ती अजूनच केविलवाणी दिसत होती.

"बाबा, फुंकर घाल! फुंकर घाल ना!"

कायदा त्याला आठवला नाही असं नाही. पण शिट्टी वाढत होती, आणि रडणं थांबलं नाही तर पंप लागणार होता. पोरीने रडत कोपर पुढे केलं आणि कुठल्याही बापाने केलं असतं तेच त्याने केलं. वाकला आणि फुंकर घातली.

घशातली वळवळ एकदम गेली. इतकं मोकळं वाटलं की त्याने दीर्घ श्वास घेतला. चिमणीचं तोंड रडण्यासाठी उघडंच होतं. तिने ते मिटलं, काहीतरी गिळलं, आणि ओठ चाटले.

"गरम गरम आली," ती म्हणाली आणि हसली. शिट्टी थांबली होती.

५

त्यानंतर चिमणी बरी झाली. नुसती बरी नाही, ठणठणीत. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी गत. जिने चढायची, धावायची, आणि छाती गप्प. पंप फळीवर पडून राहिला. बायको तिच्या अंगाला हात लावून लावून बघायची आणि उगाचच हसायची. एकदा भांडी घासता घासता ती रडली. "किती दिवसांनी मी सलग झोपले हो," ती म्हणाली. फुंक्यालाही इतका आनंद झाला की त्याने झेरॉक्सवाल्याला आपणहून चहा पाजला.

आनंदात माणूस बारीकसारीक गोष्टी बघत नाही. बघितल्या तरी बाजूला सारतो.

चिमणीचं अंग कोमट लागायचं. ताप नव्हता, थर्मामीटर लावून पाहिला. दुपारी ती खिडकीखाली उन्हाच्या तुकड्यात अंग चोरून झोपायची आणि ऊन सरकलं की झोपेतच मागोमाग सरकायची. झोपली की छातीतून आवाज यायचा. शिट्टीचा नव्हे. घर्रर्र, मग थांबायचा, मग पुन्हा घर्रर्र. फुंक्याने तो आवाज जन्मभर ऐकला होता. पंख्याला हवा कमी पडली की तो तसा अडखळतो. "पोरं घोरतातच," त्याने स्वतःला सांगितलं.

मग बायको म्हणाली, "अहो, माझ्या कंगव्यातला गुंता कोण टाकतं? मी टाकायच्या आधीच गायब असतो."

दुसऱ्या दिवशी त्याने पाहिलं. चिमणी आरशाखाली बसली होती, मांडीवर आईचा कंगवा. त्याच्या दातांमधून एकेक कुरळा केस काढत होती, दोन बोटांनी सरळ करत होती आणि तोंडात सोडत होती. चावत नव्हती. नुसतं तोंड वर करून गिळत होती. त्याने कंगवा हिसकावला तेव्हा तिने वर पाहिलं, आणि तिच्या तोंडातून तोच वास आला. न धुतलेल्या टाळूचा.

पोटच्या पोरीची किळस यावी, यापरती शरमेची गोष्ट नाही. पण आली. तिने गळ्यात हात टाकले तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

"पोरं काहीबाही खातातच. माती खातात, खडू खातात," बायको म्हणाली. "आता कुठे तिला श्वास लागतोय धड, तर तुमचं हे सुरू. तुम्हाला चांगलं काही बघवत नाही का?"

६

बाई कबूल केल्याप्रमाणे आली. फुंक्याने लॅपटॉप पुढे सरकवला. "घ्या. एकदम नवा झालाय."

बाईने दोन्ही तळहात मशीनवर टेकवले आणि डोळे मिटले. मग कान लावला. बराच वेळ तशीच वाकून राहिली. उठली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंगच गेला होता.

"रिकामा आहे," ती म्हणाली. "आतलं कुठंय?"

"ताई, आत काही नव्हतंच मुळी. ना फोटो, ना..."

"फोटो कोण म्हणतंय?" बाईचा आवाज फाटला. "मी म्हटलं होतं, आतलं जाऊ देऊ नका. तुम्ही साफ केलंत का ते?"

फुंक्याची नजर नकळत कचऱ्याच्या डब्याकडे गेली. बाईनेही तिकडे पाहिलं आणि मान हलवली. "तिथे नाही राहायचं ते. गार आहे तिथे." ती एक पाऊल जवळ आली. "फुंकलंत? तोंडाने?"

पडद्यामागून आवाज येत होता. घर्रर्र. थांबला. घर्रर्र.

बाईने पडद्याकडे तोंड केलं, आणि तिचा चेहरा असा मऊ झाला की फुंक्याच्या अंगावर काटा आला. ती आत जायला निघाली तसा तो आडवा झाला. "खबरदार! पोरगी झोपलीय माझी."

"पोरगी," बाई म्हणाली. "आजारी असायची?"

"छातीने."

"आता नाही ना?"

बाईने डोक्याचा रुमाल सैल केला आणि पुन्हा बांधला. तेवढ्यात त्याला दिसलं. डोक्यावर जागोजागी केसच नव्हते. कापलेले नव्हेत, उपटलेले. ओरखडे होते, खपल्या होत्या. फुंक्याने तोंडावर हात धरला.

"माझे संपत आले म्हणून गार पडत होतं," बाई साधेपणाने म्हणाली. "घरच्यांचेच द्या. बाहेरचे नको, सोसत नाहीत. ऊब राहू द्या. आणि काढायला जाऊ नका हो दादा. माझ्याकडून एकदा ती चूक झाली. तेव्हा ते मशीनमध्ये नव्हतं."

"मग कुठे होतं?"

बाईने टेबलावरची शाल लेकरू धरावं तशी छातीशी धरली आणि हळूच खाली ठेवली. मग लॅपटॉप न घेताच वळली. दारात थांबून म्हणाली, "तुमची जबाबदारी म्हणाला होतात."

शाल टेबलावरच राहिली.

७

बायको गच्चीवर कपडे काढायला गेली होती. फुंक्या पडदा ओलांडून आत गेला. शर्ट बदलला नाही, चूळ भरली नाही. खिडकीखाली चिमणी उताणी झोपली होती, तोंड जरासं उघडं.

ओठाच्या कोपऱ्यात एक केस होता.

हिच्या डोक्यावर तर केसच नाहीत, हे त्याच्या मनात आलं. पण हात कामाला लागला होता. तो हात जन्मभर लोकांची घाण उपसत आलेला. त्याने दोन बोटांत केस धरला आणि हळूच ओढला. केस आला. कोमट, बुळबुळीत, तपकिरी, सरळ. अजून आला. आता त्याला एक काळा कुरळा केस गाठ मारून जोडलेला होता, त्याच्या बायकोचा. मग पुन्हा तपकिरी. तो ओढत राहिला, आता निघेल, आता सगळं निघेल म्हणून. वीतभर आला, हातभर आला, आणि अडकला.

फुंक्याने जरा जोर लावला. तर दुसऱ्या टोकाने कुणीतरी ओढलं.

चिमणीचा श्वास थांबला. घर्रर्र नाही, काही नाही. छाती जागच्या जागी. ओठांवर तो निळा रंग चढायला लागला, ज्याला तो जगात सगळ्यात जास्त भ्यायचा. त्याने तिची हनुवटी खाली केली, आत पाहिलं. पडजिभेच्या मागे, जिथे अंधार असायला हवा तिथे, एकाच बाजूला चापून विंचरलेलं काहीतरी होतं. ते दबलं, आणि हळूहळू वर आलं.

ओढायचं होतं. एक हिसका, बस्स. त्याच्या हाताला ते सवयीचं होतं.

त्याने केस सैल सोडला. तो आपोआप आत जाईना, म्हणून त्याने तो बोटाने आत सरकवला, थोडा थोडा करून, सगळा. ते बुळबुळीत बोटांना लागत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटचं टोक आत गेल्यावर त्याने चिमणीचे ओठ मिटवले.

घर्रर्र.

ओठ गुलाबी झाले. झोपेतच तिने त्याच्या हाताला गाल घासला.

"काय झालं हो?" दारात कपड्यांचा ढीग घेऊन बायको उभी होती. "रडताय का तुम्ही?"

"काही नाही," तो म्हणाला. "जरा गार लागतंय मला. बाहेर टेबलावर शाल आहे, ती आण."

बायकोने कपडे खाली टाकले. ती वळली तेव्हा त्याने बोटं विजारीला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

"आणि ऐक," तो म्हणाला. "तुझा कंगवाही आण."